आर्त्वाची गादी कोणाची? आत्या-भाच्याच्या दाव्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर फ्रान्समधल्या आर्त्वा या काउंटीवरून एक आत्या आणि तिचा भाचा चौदाव्या शतकात वर्षानुवर्षं भांडले. आत्या म्हणजे माहो, भाचा म्हणजे रोबेर. मध्ययुगीन फ्रान्समध्ये पदवीचा वारसा कसा ठरायचा हे कळायला या दाव्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. या विषयावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली दिली आहेत. एकाच नावाची माणसं खूप आहेत, त्यामुळे कोण कोणाचा कोण हे आधी नीट ध्यानात घ्यावं.

आर्त्वा नेमकं कुठे आहे, आणि त्याच्यासाठी एवढी झटापट का?

आजच्या फ्रान्सच्या उत्तर टोकाला, फ्लँडर्सला लागून. अरास हे मुख्य शहर, शिवाय सेंतोमेर आणि एदँ. अरासचं लोकरी कापड युरोपभर जायचं आणि तिथले सावकार राजेरजवाड्यांना कर्ज द्यायचे. काउंटच्या हाती पैसा खेळता असायचा. फ्लँडर्सशी कायम कुरबुरी चालू असल्याने सीमेवरचा हा मुलूख विश्वासाच्या माणसाकडे असणं फ्रान्सच्या राजालाही गरजेचं होतं.

ही काउंटी या घराण्याकडे आली कशी?

हुंड्यात. ११८० मध्ये फिलिप ऑग्यूस्त या राजाचं लग्न एनोच्या इझाबेलशी झालं. फ्लँडर्सचा काउंट तिचा मामा. त्याने हा मुलूख भाचीच्या हुंड्यात लावून दिला. पुढे तिचा मुलगा आठवा लुई याने मृत्युपत्रात आर्त्वा आपल्या एका धाकट्या मुलाच्या, रोबेरच्या, नावे केलं. हाच रोबेर पहिला, संत म्हणून गौरवलेल्या नवव्या लुईचा भाऊ. १२३७ मध्ये तो रीतसर काउंट झाला आणि १२५० मध्ये इजिप्तमध्ये मन्सूराच्या लढाईत पडला. त्याच वर्षी त्याचा मुलगा जन्मला, रोबेर दुसरा. आपली गोष्ट या दुसऱ्या रोबेरच्या मुलानातवंडांची आहे.

वाद सुरू कशावरून झाला?

दुसऱ्या रोबेरला एक मुलगा, फिलिप, आणि एक मुलगी, माहो. फिलिप फ्लँडर्सच्या मोहिमेत जखमी झाला आणि १२९८ मध्ये वारला. त्याच्या मागे त्याचा लहान मुलगा होता, तोच आपला रोबेर तिसरा, जन्म १२८७ चा. पुढे ११ जुलै १३०२ रोजी कुर्त्रेच्या लढाईत फ्लँडर्सच्या पायदळाने फ्रेंच सरदारांची दाणादाण उडवली आणि म्हातारा काउंटही तिथेच मारला गेला. मुलगा बापाच्या आधी गेलेला. आता मागे राहिली मुलगी, आणि मयत मुलाचा पंधरा वर्षांचा मुलगा.

माहो आणि तिचा नवरा ओतों, म्हणजे बर्गंडीचा काउंट, यांनी वेळ न दवडता राजापुढे इमानाची शपथ घेतली. राजा होता चौथा फिलिप. त्याने माहोला काउंटेस म्हणून मान्यता दिली. ओतों लवकरच वारला आणि माहोने कारभार एकटीने हाती घेतला.

‘प्रतिनिधित्वाचा हक्क’ म्हणतात तो काय?

सगळ्या दाव्याची गोम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वारसाचे दोन नियम एकमेकांसमोर होते. एक नियम सांगतो की मेलेल्या मुलाचा मुलगा बापाच्या जागी उभा राहतो. बाप जिवंत असता तर त्याला जे मिळालं असतं, ते नातवाला मिळावं. हा प्रतिनिधित्वाचा नियम. दुसरा नियम फक्त अंतर मोजतो. मालक मेला त्या दिवशी त्याच्या सर्वांत जवळचं कोण? मुलगी एका पिढीवर, नातू दोन पिढ्यांवर. मग मुलगी.

आपल्याकडे मिताक्षरेत मयत मुलाचा मुलगा बापाच्या वाट्याला उभा राहतो, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना पहिल्या वर्गाचे वारस धरलं आहे. त्यामुळे मराठी वाचकाला रोबेरची बाजू चटकन पटते. पण तेव्हाच्या फ्रान्समध्ये सगळ्या मुलखाला एकच कायदा नव्हता. प्रत्येक प्रांताची आपली रूढी होती आणि न्यायालय ती रूढी विचारून निकाल द्यायचं. आर्त्वाच्या रूढीत प्रतिनिधित्वाला जागा नव्हती. तिथे जवळिकीचं नातंच चालायचं. या एका मुद्द्यावर माहोची बाजू पहिल्यापासून भक्कम होती.

माहो बाई होती. मग सॅलिक कायदा आडवा आला नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि त्यामागे एक गैरसमज आहे. मुलींना गादीवरून बाजूला ठेवण्याचा पायंडा फ्रान्सच्या राजमुकुटापुरता होता, आणि तोही १३०२ मध्ये पडलेला नव्हता. तो प्रसंग आला १३१६ मध्ये, दहावा लुई आणि त्याचा तान्हा मुलगा वारल्यावर. तेव्हा लुईच्या मुलीला डावलून त्याचा भाऊ पाचवा फिलिप राजा झाला. ‘सॅलिक कायदा’ हे नाव पुढे करून त्या पायंड्याचं समर्थन करायची पद्धत तर आणखी बऱ्याच उशिराची.

काउंटी आणि डची (ड्यूकचा मुलूख) यांना हे लागू नव्हतं. शँपेन, फ्लँडर्स, अॅक्विटेन, सगळीकडे मुली वारस झालेल्या आहेत. आर्त्वा राजघराण्यातल्या धाकट्या मुलाला तोडून दिलेला मुलूख होता खरा, पण देताना ‘फक्त पुरुष वारसाला’ अशी अट घातलेली नव्हती.

माहो नुसती काउंटेस नव्हती. १२९७ मध्ये आर्त्वाला पेअरीचा, म्हणजे राज्यातल्या अव्वल सरदारकीचा दर्जा मिळाला होता. पुढे तिच्या बाजूने निवाडा झाल्यावर माहोही पेअर झाली. जानेवारी १३१७ मध्ये रँसच्या कॅथेड्रलमध्ये पाचव्या फिलिपचा राज्याभिषेक झाला, तेव्हा मुकुट धरणाऱ्या पेअरांमध्ये ती उभी होती. एका मुलीला मुकुट नाकारून जो राजा झाला, त्याच्या डोक्यावरचा मुकुट धरायला एक बाई होती. तेव्हाच्या लोकांना यात विसंगती वाटली नसावी, कारण मुकुटाचा नियम वेगळा आणि आर्त्वाचा वेगळा.

रोबेरने दावा कधी लावला?

वयात आल्यावर. १३०९ मध्ये चौथ्या फिलिपने निवाडा दिला की काउंटी माहोचीच. रोबेरला भरपाई म्हणून पैसा आणि उत्पन्न लावून दिलं. त्याचं त्यावर समाधान झालं नाही.

राजाने माहोला झुकतं माप दिलं का?

रूढी तिच्या बाजूने होती हे वर सांगितलंच. पण राजाचा स्वार्थही त्याच बाजूला होता, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माहोची मोठी मुलगी झान हिचं लग्न राजाचा मुलगा फिलिप याच्याशी १३०७ मध्ये झालं, आणि धाकटी ब्लांश पुढच्याच वर्षी दुसऱ्या राजपुत्राला, शार्लला दिली. झानबरोबर बर्गंडीची काउंटी राजघराण्याच्या हाती येणार होती. आर्त्वा माहोकडे राहिलं तर तेही पुढेमागे सुनेच्या वाटेने घरात यायची शक्यता. रोबेरकडे गेलं तर राजाच्या पदरात काहीच नाही.

माझं मत असं की रूढी उलट असती, तर राजाने निवाडा करायला बराच वेळ लावला असता आणि कदाचित मधला मार्ग काढला असता. रूढी अनुकूल असल्याने त्याला कायदा वाकवावा लागला नाही.

रोबेरने तलवार उपसली होती हे खरं?

हो. चौथ्या फिलिपच्या शेवटच्या दिवसांत करांना कंटाळलेल्या सरदारांनी जागोजागी जूट बांधली. आर्त्वाच्या सरदारांचा राग माहोवर, आणि तिच्याहून जास्त तिचा कारभारी तिएरी दिर्सों याच्यावर होता. १३१६ मध्ये रोबेर या असंतुष्टांचा पुढारी झाला आणि काउंटीत घुसला. तेव्हा राज्याची सूत्रं फिलिपकडे, म्हणजे माहोच्या जावयाकडे होती. तो फौज घेऊन निघाल्यावर रोबेर शरण आला आणि काही काळ पॅरिसमध्ये अटकेत राहिला.

१३१८ मध्ये पुन्हा निवाडा झाला. पुन्हा माहो. रोबेरला या वेळी एक सोयरीक मात्र मोठी मिळाली. त्याचं लग्न शार्ल द व्हाल्वाच्या मुलीशी झालं. तिचा भाऊ पुढे फ्रान्सचा राजा होईल असं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

माहो खरोखर विषप्रयोग करणारी होती का?

दहाव्या लुईला तिने विष दिलं असा आरोप तिच्यावर झाला. चौकशी होऊन १३१७ मध्ये ती निर्दोष ठरली. लुईच्या मृत्यूने तिचा जावई राजा झाला, म्हणून संशय घेणाऱ्यांना कारण मिळालं. पुरावा कोणी दिला नाही. त्या काळी कोणी तरुण माणूस अचानक गेला की विषाची कुजबुज व्हायचीच. लोकप्रिय कथांनी तिला कायमची खलनायिका करून टाकलं आहे आणि मला ते अन्यायाचं वाटतं, कारण तिच्याबद्दल खरी माहिती मिळवायला कागदांची वाण नाही.

तिच्या कारभाराचे जमाखर्च अरासच्या सरकारी दप्तरखान्यात आजही आहेत. एका बाईचा रोजचा कारभार इतक्या बारकाईने दिसावा असं त्या शतकात क्वचित घडतं. प्रवास, दानधर्म, चित्रकारांची आणि शिल्पकारांची बिलं, इमारतींची डागडुजी, सगळं नोंदलेलं आहे. एदँचा किल्ला आणि त्याचं मोठं उपवन तिच्या बापाने उभारलं होतं. तो दक्षिण इटलीत राज्यकारभार पाहून आला होता आणि एदँमध्ये त्याने पाहुण्यांची गंमत करणारी यंत्रं बसवली. पाण्याचे फवारे उडायचे, कातडं चढवलेली यांत्रिक माकडं हालचाल करायची. ती यंत्रं चालू राहावीत म्हणून माहो खर्च करत राहिली. एदँमध्ये तिने रुग्णालयही बांधलं. हा किल्ला १५५३ मध्ये पाचव्या चार्ल्सच्या फौजेने शहरासकट जमीनदोस्त केला. आज आपल्याला तो बराचसा या जमाखर्चातूनच कळतो.

घरच्या दुःखाची तर मोजदादच नको. १३१४ मध्ये राजाच्या सुनांवर व्यभिचाराचे आरोप झाले, त्यात माहोच्या दोन्ही मुली सापडल्या. ब्लांश शातो गायारच्या किल्ल्यात कैद झाली आणि शेवटी मठात मेली. झान निर्दोष ठरून नवऱ्याकडे परतली. माहोचा एकुलता उरलेला मुलगा, त्याचंही नाव रोबेरच, १३१७ मध्ये ऐन तारुण्यात वारला. त्याच्या थडग्यासाठी तिने झाँ पेपँ द वी या शिल्पकाराकडून संगमरवरी मूर्ती घडवून घेतली. ती आज सँ-द्‌नीच्या बॅसिलिकात आहे.

खोट्या कागदपत्रांचं प्रकरण काय होतं?

१३२८ मध्ये रोबेरचं नशीब फिरलं. थेट राजवंश संपला आणि त्याचा मेहुणा सहावा फिलिप राजा झाला. त्याला गादीवर बसवण्यात रोबेरने जीव तोडून मेहनत केली होती. बोमों-ल-रोजेची काउंटी पेअरीसह रोबेरला मिळाली. आता दरबारात त्याचा शब्द चालत होता, आणि त्याने आर्त्वाचा दावा पुन्हा उकरून काढला.

रूढी विरोधात असल्याने त्याला रूढीवर मात करणारा कागद हवा होता. म्हणजे आजोबांनी मुलाच्या लग्नाच्या वेळी ‘आर्त्वा फिलिपला आणि त्याच्या मुलाबाळांना’ असं लिहून दिल्याचा दस्त. असा लेख असता तर निकाल फिरू शकला असता, कारण मालकाने हयातीत केलेली व्यवस्था न्यायालयाला डोळ्याआड करता आली नसती. हे कागद खरे होते पण माहोने आणि तिएरी दिर्सोंने गडप केले, असं रोबेरचं म्हणणं.

इथे झान द दिव्हियों ही बाई येते. ती तिएरीची रखेल होती. तिएरी अखेरीस अरासचा बिशप झाला आणि १३२८ मध्ये वारला. त्यानंतर झान माहोच्या मर्जीतून उतरली आणि रोबेरच्या गोटात आली. तिच्याकडून रोबेरला हवे ते कागद एकेक करून ‘सापडत’ गेले. मेलेल्या बिशपच्या नावचं एक पत्रही निघालं, ज्यात त्याने दस्त लपवल्याची कबुली दिली होती.

करायचे कसे? त्या काळी सही नसायची. दस्ताचं सगळं वजन त्याला लोंबणाऱ्या मेणाच्या शिक्क्यावर. शिक्का खरा तर कागद खरा. नवा शिक्का कोरण्यापेक्षा जुना खरा शिक्का मिळवणं सोपं. म्हणून काउंट रोबेरचा शिक्का असलेला एखादा अस्सल, क्षुल्लक व्यवहाराचा दस्त अरासमध्ये पैसे मोजून घ्यायचा, शिक्का न मोडता त्यावरून सोडवायचा आणि नव्या चर्मपत्राला लावायचा. मजकूर लिहायला लेखनिक हाताशी होता.

दरम्यान नोव्हेंबर १३२९ मध्ये माहो गेली आणि जानेवारी १३३० मध्ये तिची मुलगी झानही. लोक रोबेरकडे बोट दाखवू लागले, सिद्ध काहीच झालं नाही. वारसा झानच्या मुलीकडे आला. तिचंही नाव झान, आणि तिचा नवरा बर्गंडीचा ड्यूक ओद. आता रोबेरसमोर म्हातारी आत्या नव्हती, तर फ्रान्समधला एक बलाढ्य ड्यूक होता. त्याच्या वकिलांनी दस्तांवर आक्षेप घेतला, तपासणी झाली, आणि लेखनिकांसह झान द दिव्हियों पकडली गेली. तिने सगळं कबूल केलं.

मार्च १३३१ मध्ये दस्त बनावट ठरवून रद्द केले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झान द दिव्हियोंला पॅरिसमध्ये जिवंत जाळलं. रोबेर बोलावणी येऊनही न्यायालयासमोर उभा राहिला नाही. एप्रिल १३३२ मध्ये त्याला हद्दपार करून त्याची मालमत्ता जप्त केली.

रोबेरला कागद खोटे असल्याचं ठाऊक होतं का? तो स्वतःला फसवला गेलेला म्हणवत राहिला. माझ्या मते त्याला माहीत होतं, निदान त्याने विचारायचं टाळलं. आपला हक्क खरा आहे अशी त्याची पक्की खात्री होती, आणि अशी खात्री बाळगणाऱ्याला पुराव्याची कमतरता ही फक्त अडचण वाटते. जळून मेली ती मात्र झान. काउंट सीमा ओलांडून निसटला.

शंभर वर्षांचं युद्ध रोबेरमुळे पेटलं म्हणतात, ते कितपत खरं?

निमित्त म्हणून खरं, कारण म्हणून नाही. रोबेर आधी ब्राबांतच्या बाजूला लपत फिरला आणि १३३४ मध्ये इंग्लंडला तिसऱ्या एडवर्डच्या आश्रयाला गेला. डिसेंबर १३३६ मध्ये फ्रान्सच्या राजाने त्याला हवाली करण्याची मागणी केली. ती अमान्य झाली. २४ मे १३३७ रोजी गुयेनची, म्हणजे एडवर्डकडे असलेली नैऋत्य फ्रान्समधली डची जप्त करताना, मांडलिकाने राजाच्या शत्रूला आसरा दिला हे कारण पुढे केलं.

पण गुयेनचा तंटा कित्येक दशकांचा जुना होता. त्यात स्कॉटलंडचं राजकारण होतं, फ्लँडर्सची लोकर होती. रोबेर नसता तर दुसरं निमित्त सापडलं असतं. जेवणात एडवर्डसमोर बगळा वाढून रोबेरने त्याला भित्रा म्हणून डिवचलं, ही गोष्ट मागाहून रचलेल्या काव्यातली आहे. इतिहास म्हणून ती सांगू नये.

रोबेर पुन्हा आर्त्वात आला का?

एकदा, शत्रूच्या फौजेचा सेनापती म्हणून. जुलै १३४० मध्ये इंग्रज आणि फ्लँडर्सची फौज घेऊन तो सेंतोमेरवर चालून आला. आत होता ड्यूक ओद, माहोच्या नातीचा नवरा. तिथले लोक आपल्या बाजूने दरवाजे उघडतील अशी रोबेरची आशा फोल ठरली. त्याच्या फौजेचा मोठा भाग मोडला आणि त्याला माघार घ्यावी लागली.

त्याचा शेवट ब्रिटनीत झाला, आणि तिथला तंटा पुन्हा वारशाचाच. १३४१ मध्ये ब्रिटनीचा ड्यूक निपुत्रिक वारला. एका बाजूला त्याच्या मयत सख्ख्या भावाची मुलगी, दुसऱ्या बाजूला सावत्र भाऊ झाँ द माँफोर. पुतणी म्हणत होती, मी बापाच्या जागी उभी राहते. माँफोर म्हणत होता, जवळचा मी. सहाव्या फिलिपने पुतणीच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे आर्त्वात अमान्य झालेलं प्रतिनिधित्व ब्रिटनीत मान्य झालं, कारण तिथली रूढी तशी असल्याचं धरलं गेलं. शिवाय पुतणीचा नवरा राजाचा भाचा होता.

इंग्लंड माँफोरच्या पाठीशी असल्याने रोबेरही त्याच बाजूला लढला. प्रतिनिधित्वाच्या हक्कासाठी ज्याने आयुष्य पणाला लावलं, तो १३४२ मध्ये व्हानच्या लढाईत जखमी होऊन मेला तेव्हा तो हक्क नाकारणाऱ्या पक्षाकडून लढत होता.

त्याच्या बायकोमुलांचं काय झालं?

बायको राजाची सावत्र बहीण, तरी ती आणि मुलं कैदेत पडली. पुढच्या राजाने, दुसऱ्या झाँने, रोबेरचा मुलगा झाँ याला १३५२ मध्ये एउची काउंटी दिली. आर्त्वाचं आडनाव त्या शाखेने चालवलं, आर्त्वाची जमीन तिला मिळाली नाही.

मग काउंटी पुढे कोणाकडे गेली?

बायकांच्या वाटेने फिरत राहिली. ओदची बायको झान १३४७ मध्ये गेली, तिच्यामागे नातू फिलिप द रूव्ह्र. तो १३६१ मध्ये कोवळ्या वयात वारला आणि त्याची सगळी मिळकत फुटली. बर्गंडीची डची राजा झाँने जवळिकीच्या नात्यावर घेतली. नाव्हारचा राजा शार्ल मोठ्या बहिणीच्या शाखेतला म्हणून हक्क सांगत होता, तो बाजूला पडला. आर्त्वा आणि बर्गंडीची काउंटी मात्र फिलिपच्या आजीच्या बहिणीकडे, मार्गरितकडे आली. ही माहोची दुसरी नात. तिच्या मागे १३८२ मध्ये मुलगा लुई द माल, फ्लँडर्सचा काउंट. १३८४ मध्ये त्याची मुलगी मार्गरित, आणि तिचा नवरा बर्गंडीचा ड्यूक धाडसी फिलिप. अशा रीतीने आर्त्वा बर्गंडीच्या ड्यूकांच्या मोठ्या पसाऱ्यात गेलं.

तिथून १४७७ नंतर हॅब्सबर्ग घराण्याशी ओढाताण. १४९३ च्या सेन्लीसच्या तहाने ते हॅब्सबर्गांना मिळालं, १५२९ च्या कांब्रेच्या तहात फ्रान्सने त्यावरचं अधिराज्यही सोडलं. बहुतेक भाग १६५९ च्या पिरेनीजच्या तहाने फ्रान्सकडे परत आला, सेंतोमेर आणि एर १६७८ मध्ये.

‘आर्त्वाचा काउंट’ म्हणून फ्रेंच क्रांतीच्या काळात ज्याचं नाव येतं, तो याच वंशातला का?

वारसाने नव्हे. १७५७ मध्ये पंधराव्या लुईचा नातू शार्ल जन्मला, त्याला ही पदवी नव्याने बहाल केली. तिच्यासोबत अरासचे कर नव्हते, न्यायदानाचा हक्क नव्हता, फौज नव्हती. तो १८२४ मध्ये दहावा शार्ल म्हणून राजा झाला आणि १८३० च्या उठावात त्याला पायउतार व्हावं लागलं.